वेदना आणि सहजीवन

संधिवात, कंबरदुखी किंवा ओटीपोटातील वेदना ३ महिन्यांहून अधिक टिकली की तिला दीर्घकालीन वेदना म्हणतात. अशा दुखण्यात पतिसहवासाची इच्छा पुष्कळदा मंदावते. पत्नीला वाटते, आपलेच काही चुकले; पतीला वाटते, हिचे प्रेम आटले. बहुधा दोघांचाही समज चुकीचा असतो. झोपमोड, थकवा, खिन्नता आणि ‘आता दुखेल’ ही धास्ती, ही त्यामागची नेहमीची कारणे होत.

औषधांचाही यात वाटा असू शकतो. अफूवर्गीय वेदनाशामके व खिन्नतेवरील काही गोळ्या इच्छा कमी करतात. त्या आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, म्हणजे त्यांना मात्रा वा औषध बदलण्याचा विचार करता येईल. रक्तक्षय व थायरॉइड यांचीही तपासणी करून घ्यावी. ऋतुनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणावर उपाय आहेत.

घरी, वेदना कमी असेल ती वेळ निवडा. आधी कोमट पाण्याने स्नान करा, दुखऱ्या भागास उशीचा आधार द्या. काही दिवस केवळ स्पर्श व संभाषण असावे, पुढची अपेक्षा नसावी. पत्नीचा नकार म्हणजे तिरस्कार नव्हे, हे पतीने ओळखावे. सक्ती कदापि करू नये.

चंदीगड येथे १९६२ साली स्थापन झालेल्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या मानसोपचार विभागात दांपत्य व लैंगिक समस्यांसाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. म्हणजे हा प्रश्न लज्जेचा नव्हे, उपचाराचा आहे. आपल्या गावच्या डॉक्टरांकडेही उभयतांनी मिळूनच जावे.