‘मातीचा सुगंध’ म्हणजे नेमके काय?

गेल्या मे महिन्यात मी सुट्टीसाठी बडोद्याला काकांकडे गेले होते. पाटीवर आता वडोदरा असते, पण आमच्या घरात अजून बडोदेच म्हणतात. काका मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशोबनीस आहेत. त्यांच्या ओळखीने एका करसल्लागारांकडे दीड महिना बिलांच्या नोंदी करण्याचे काम मिळाले होते. घरात पाऊल टाकताच मी सवयीप्रमाणे म्हणाले, “काकू, आलो मी!” झाले! चुलत भावंडे पोट धरून हसू लागली. आपल्या निपाणी-कोल्हापूर भागात मुलीसुद्धा ‘मी आलो, मी जातो’ असेच बोलतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. ती स्वतः खिडकीला खुशाल ‘बारी’ म्हणतात, पण ते बडोद्याचे मराठी. माझे मात्र गावंढळ! पुढचे दोन दिवस मी जपून, मोजकेच बोलले.

हे सांगण्याचे कारण असे, की त्याच आठवड्यात काकू मला त्यांच्या वाचकमंडळात घेऊन गेल्या. दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरी पंधरा-वीस मंडळी महिन्यातून एकदा जमतात आणि एका पुस्तकावर बोलतात. त्या दिवशी पुस्तक होते कृष्णात खोत यांची कादंबरी ‘रिंगाण’. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. चहा झाला, चर्चा सुरू झाली. एक आजोबा म्हणाले, “काय अस्सल मातीचा सुगंध आहे हो!” दुसऱ्या बाईंना आपले बालपणीचे आजोळ आठवले. तिसरे म्हणाले, “भाषा मात्र फार अवघड. शेवटी शब्दार्थ द्यायला हवे होते.” मग काकूंनी माझी ओळख करून दिली, “ही आमची पुतणी, तिकडचीच आहे.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली मान घालून “चांगली आहे कादंबरी” एवढेच पुटपुटले आणि गप्प बसले. तेव्हा जे बोलायला हवे होते, ते आज आपल्या वार्षिकांकात लिहीत आहे.

आधीच सांगते, त्या मंडळींना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. बडोदे हे पुस्तकांवर प्रेम करणारे गाव आहे. सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे या खेड्यातले. १८७५ साली दत्तक म्हणून ते राजवाड्यात आले. पुढे त्यांनी बॉर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून १९१० च्या सुमारास संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे करायला घेतले. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी पाठवली जात. मराठी साहित्य संमेलन १९०९ साली तिथे भरले होते आणि २०१८ सालीही भरले. महाराष्ट्राबाहेर राहून पिढ्यान् पिढ्या मराठी वाचणारी ही माणसे आहेत. त्यांनी आपल्या भागातली कादंबरी मुद्दाम निवडून वाचली, याचा मला अभिमानच वाटला. तक्रार आहे ती ‘मातीचा सुगंध’ या दोन शब्दांबद्दल. आणि ते शब्द बडोद्यातच नव्हे, आपल्या कॉलेजच्या निबंधांतही सर्रास आढळतात.

दक्षिण महाराष्ट्र आणि सीमाभागातल्या गावांवर, लहान शहरांवर लिहिणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाला सभागृहे भरून जात. आमच्या वडिलांच्या पिढीने त्या कथा ऐकून मनसोक्त हसून घेतले. ते हसणे खोटे नव्हते. पण त्यातून एक सवय लागली. ग्रामीण म्हटले की हसायचे किंवा हळवे व्हायचे, तिसरे काही करायचे नाही. नंतर कागलच्या आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) आली आणि शिकण्यासाठी बापाशी झुंजावे लागलेला मुलगा वाचकांसमोर उभा राहिला. गडहिंग्लज भागातल्या राजन गवस यांनी ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत यल्लम्माला सोडलेल्या मुलीची आणि जोगत्याची जिणी मांडली. कर्नाटकात देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा १९८२ साली झाला. कायदा कागदावर येतो तेव्हा घरात काय चाललेले असते, हे कळण्यासाठी ‘चौंडकं’ वाचावी लागते. आता मला सांगा, या पुस्तकांना कसला सुगंध येतो?

माझी आजी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. वखारीत शिरले की तंबाखूचा खाट डोक्यात जातो, डोळ्यांना पाणी येते. तिचा खोकला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर बसले. त्या एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मेले. त्याच निपाणीत महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत होते आणि दळणाच्या फुफाट्यात बसून लिहीत होते. वखारीतल्या बाया, ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरे, देवदासी, अशी माणसे त्यांनी आयुष्यभर लिहिली. ते २०२४ साली गेले. आपल्या गावाशेजारचा एवढा मोठा लेखक गेला, तेव्हा आमच्या वर्गातल्या किती जणांनी त्यांचे एक तरी पुस्तक वाचले होते? मी स्वतः वाचले नव्हते. त्यानंतर वाचले, हे कबूल करते.

बडोद्याला जाऊन आल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बडोद्याहून अहमदाबादकडे निघाले की चरोतर लागते. विडीच्या तंबाखूचे देशातले दोन मोठे मुलूख म्हणजे हे चरोतर आणि आपली निपाणी. म्हणजे निपाणीच्या वखारीतली गोष्ट बडोद्याच्या वाचकाला परकी वाटण्याचे काही कारण नाही. त्याच्या दारापासून तासाभरावर तीच पाने वाळत असतात.

‘रिंगाण’चेही तसेच आहे. धरणामुळे गाव उठते, माणसे दुसरीकडे वसवली जातात. जुन्या गावी राहिलेल्या म्हशीला आणायला एक माणूस परत त्या रानात जातो. कादंबरीचा कणा एवढाच. ती ऐकून बडोद्याच्या बैठकीत आजोळ आठवले. पण त्या शहराजवळून नर्मदेचा मुख्य कालवा वाहतो, हे कोणाला आठवले नाही. सरदार सरोवर धरणाची उंची १३८.६८ मीटर. त्याच्या पाण्याखाली मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात या तिन्ही राज्यांतली गावे गेली. आपल्या महाराष्ट्रातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा भागातले काही आदिवासी याच बडोदे जिल्ह्यात आणून वसवले आहेत. अशा ठिकाणांना तिथे ‘वसाहत’च म्हणतात. मी हट्ट धरला म्हणून एका रविवारी काकांनी मला स्कूटरवरून डभोईच्या बाजूला नेले. रस्त्याकडेच्या वसाहतीत एका टपरीवर चहा घेतला. तिथले एक म्हातारे गृहस्थ काकांशी गुजरातीत बोलले आणि मी मराठी आहे हे कळल्यावर मोडक्या मराठीत मला म्हणाले, “आमचे गाव महाराष्ट्रात होते.” ‘आहे’ नव्हे, ‘होते’. परतताना काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तीस वर्षं इथं राहतोय, पण या बाजूला कधी वळलोच नाही बघ.”

मी काकांना हसणार होते, पण हसता येईना. कारण दूधगंगेकाठी आमचा दोन एकर ऊस आहे. तो काळम्मावाडीच्या धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर उभा आहे. दूधगंगा प्रकल्प महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचा आहे, आणि त्या धरणासाठीही माणसे उठली आहेत. माझी कॉलेजची फी त्या उसाच्या बिलातून भरली जाते. पुस्तपालनाच्या पहिल्याच धड्यात आम्हाला शिकवतात की प्रत्येक जमेला कुठे तरी नावे असते. एक बाजू लिहिली नाही तर तेरीज जुळत नाही. वीस वर्षे मी आमच्या घराची फक्त जमेची बाजू पाहत होते. नावेची बाजू मला खोतांच्या कादंबरीने दाखवली.

माझे म्हणणे एवढेच आहे. खेड्यावरची कादंबरी हा गाव सोडून गेलेल्यांच्या आठवणींचा आल्बम नाही. तो अजून न मिटलेला हिशोब आहे आणि वाचणाऱ्याचे नाव त्यात कुठल्या तरी बाजूला असतेच. ‘मातीचा सुगंध’ असे म्हणून आपण पुस्तकाचे कौतुक करतो आणि त्याच दमात ते मिटून ठेवतो.

यावर कोणी म्हणेल, वाणिज्य शाखेच्या मुलीला कादंबरीतही जमाखर्चच दिसणार! पुस्तक आनंदासाठी वाचावे, हिशोब तपासण्यासाठी नव्हे. हे मला मान्य आहे. ‘रिंगाण’ मी हिशोबासाठी वाचलीच नाही. म्हशीचे काय झाले हे कळावे म्हणून वाचली, आणि रात्री दोन वाजेपर्यंत वाचली. पण पुस्तकात जीव गुंतला म्हणूनच पुढचे प्रश्न पडले. नुसता अहवाल वाचून मी डभोईला जाण्याचा हट्ट धरला नसता.

राहिला अवघड भाषेचा मुद्दा. कन्नड विभागाच्या वाचकांना ठाऊकच आहे, की बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या कथासंग्रहाला २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. दीपा भास्ती यांनी इंग्रजी अनुवाद करताना कन्नड शब्द तिरप्या ठशात घातले नाहीत, तळटीपाही दिल्या नाहीत. तरी जगाने ते पुस्तक वाचले. मग बडोद्याच्या किंवा पुण्याच्या मराठी माणसाला पन्हाळ्याकडची मराठी समजायला शब्दार्थ कशाला हवेत? चार पाने नेट धरून वाचली की कानाला ती भाषा सापडते. ती चुकीची मराठी नव्हे, जशी माझी ‘मी आलो’ही चुकीची नव्हे.

आपण तर दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहतो. माझे आजोळ संकेश्वरजवळ. घरी आईशी कन्नड आणि वडिलांशी मराठी. शाळा मराठी माध्यमाची असल्याने कन्नड अक्षरे मी अजून बोट ठेवून वाचते. तसे वाचत पूर्णचंद्र तेजस्वींची ‘कर्वालो’ (१९८०) पुरी केली. गाव ज्याला रिकामटेकडा समजते त्या मंदण्णाकडून एक मोठा शास्त्रज्ञ रानाची माहिती घेतो, हे वाचून फार बरे वाटले. उमा आणि विरूपाक्ष कुलकर्णी या दांपत्याची गोष्ट तर आपण भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून ध्वनिफितीवर घेत आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवीत. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी घरांत पोचल्या त्या अशा. आपल्या या अंकाचे दोन विभाग मात्र एकाच शिवणीत बांधलेले असूनही एकमेकांना वाचत नाहीत. पुढच्या वर्षी एक कन्नड कथा मराठी विभागात आणि एक मराठी कथा कन्नड विभागात, आपल्याच मुलामुलींनी अनुवाद करून छापावी, अशी संपादक मंडळाला आणि प्राध्यापकांना माझी विनंती आहे.

परत आल्यावर ‘रिंगाण’ मी आजीला वाचून दाखवायला घेतली. तिला अक्षरओळख नाही. पहिल्या दिवशी दहा-बारा पाने झाली आणि लाइट गेली. मी पुस्तक मिटले. अंधारात थोडा वेळ ती खोकली, मग म्हणाली, “मग म्हस घावली का न्हाई?”

मी म्हटले, “उद्या सांगतो.”

“सांगू नगंस,” आजी म्हणाली, “वाच.”

– एक विद्यार्थिनी, बी.कॉम. भाग दोन