मनातले सांगण्याआधी

नैराश्य ताडून पाहण्यासाठी जगभर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरली जाते. झोप लागते का, भूक आहे का, कामात लक्ष लागते का, असे विचारत ती नवव्या प्रश्नापाशी येते: मरून गेलेले बरे, किंवा स्वत:ला इजा करावी, असे विचार गेल्या दोन आठवड्यांत मनात आले का? दवाखान्यात याचे उत्तर ‘जवळजवळ रोज’ असे आले, तर जाणता डॉक्टर कागद बाजूला ठेवून बोलू लागतो. हीच प्रश्नावली आता मानसिक आरोग्याच्या अनेक मोबाइल अ‍ॅपमध्ये असते. तिथे तेच उत्तर दिल्यावर पुढे काय होते? मदतीचा क्रमांक लगेच समोर येतो, की गुणांची बेरीज आणि पाठोपाठ वर्गणीचे दर? क्रमांक आलाच, तर तो भारतात लागणारा असतो, की अमेरिकेतला ९८८? अ‍ॅप पारखायचे तर सुरुवात इथूनच करावी.

अ‍ॅपकडे वळणाऱ्याला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. बेंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले. देशात लाखभर लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पण भामरागडच्या मुलीने यातले कोणते गाठावे? शिवाय त्या दारात ओळखीचे कुणी दिसले तर, ही धास्ती आहेच. रात्री दोन वाजता जीव घाबरा होतो तेव्हा हाताशी फक्त फोन असतो. विचार-वर्तन उपचारपद्धतीवर नीट बेतलेल्या अ‍ॅपचा सौम्य ते मध्यम नैराश्यात आणि चिंतेत थोडा, पण खरा उपयोग होतो. जोडीला माणूस असेल तर तो वाढतो. मात्र २०१९मध्ये अशा अ‍ॅपच्या वापराची मोजणी झाली, तेव्हा पंधराव्या दिवशी ते उघडणारे जेमतेम चार टक्के उरलेले दिसले. त्यामुळे अ‍ॅप सुटले म्हणून स्वत:ला दोष देऊ नये, आणि केवळ अ‍ॅपच्या भरवशावर डॉक्टरची भेट लांबवू नये.

खरा प्रश्न आपण सांगितलेल्या गोष्टी कुठे जातात हा आहे. ‘बेटरहेल्प’ या अमेरिकी ऑनलाइन समुपदेशन कंपनीने गोपनीयतेचे वचन देऊनही ग्राहकांचे ई-मेल पत्ते आणि आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना पुरवली, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने २०२३मध्ये ठेवला. कंपनीने चूक मान्य न करता ७८ लाख डॉलरवर तडजोड केली. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि उपचार करणाऱ्यांना तो पाळायला लावतो. पण स्वत:ला ‘वेलनेस’ म्हणवणारी कंपनी त्यात कशी बसते, याबाबत स्पष्टता नाही. २०२३च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्गच ठेवलेला नाही. आमच्या मते ही मोठी उणीव आहे.

ती भरून निघेपर्यंत वापरणाऱ्यालाच डोळे उघडे ठेवावे लागतील. प्ले स्टोअरवर ‘डेटा सेफ्टी’ नावाचा भाग असतो. तो जरूर वाचावा, पण ती माहिती कंपनीनेच भरलेली असते हे विसरू नये. चांदण्या आणि डाउनलोडचे आकडे लोकप्रियता सांगतात, गुण नव्हे. ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असे लिहिले असेल तर कोणता अभ्यास, कुठे छापला, कोणी केला हे शोधावे. बहुतेकदा तिथेच उत्तर मिळते. श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या अ‍ॅपने संपर्कयादी किंवा ठावठिकाणा मागितला तर सरळ नकार द्यावा. खाते आणि त्यातल्या नोंदी पुसता येतात का, हे पहिली नोंद लिहिण्याआधीच पाहावे. चॅटबॉटबाबत तर अधिकच सावध राहावे. खाण्याच्या विकारांनी त्रस्त लोकांसाठी अमेरिकेतल्या एका संस्थेने चालवलेला ‘टेसा’ हा चॅटबॉट त्यांनाच वजन घटवण्याचे सल्ले देऊ लागला आणि २०२३मध्ये तो बंद करावा लागला. आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर अ‍ॅप शोधत बसूच नये. जवळच्या माणसाला उठवावे आणि १४४१६ हा क्रमांक लावावा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. ती विनामूल्य आहे, अहोरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते.

पण खचलेल्या माणसानेच गोपनीयतेचे इंग्रजी करारनामे वाचावेत, ही अपेक्षा निर्दय आहे. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापण्याची सक्ती करणारे सरकार इथे स्वस्थ बसू शकत नाही. जर्मनीत २०२०पासून आरोग्य-अ‍ॅपची सरकारी यादी आहे. परिणामाचा पुरावा दिल्याशिवाय तिच्यात कायमचे स्थान मिळत नाही, आणि यादीतले अ‍ॅप डॉक्टरने लिहून दिल्यास खर्च आरोग्य विमा उचलतो. आपल्याकडे ‘निम्हान्स’ आहे, टेलिमानसचा अनुभव आहे. आरोग्य मंत्रालयाने अशी यादी त्यांच्याकडून करून घ्यावी, दर वर्षी तपासावी आणि प्रत्येक अ‍ॅप माहिती कुणाला देते हे तिच्यात मराठीसह सर्व भारतीय भाषांत छापावे. राज्य सरकारनेही त्यासाठी थांबू नये. जिल्हा रुग्णालयांतल्या मानसोपचार विभागांना आणि शाळा-महाविद्यालयांतल्या समुपदेशकांना कोणते अ‍ॅप सुचवावे आणि कोणते टाळावे, याचे लेखी मार्गदर्शन येत्या शैक्षणिक वर्षाआधी मिळायला हवे.