वहीतली वाटी

पिंपळे गुरवमध्ये गुढीपाडवा किंवा दसरा जवळ आला, की कुठल्या ना कुठल्या सोसायटीसमोर सामानाचा टेम्पो उभा असतो. दोन खोल्यांचे घर सोडून कुटुंब मोठ्या सदनिकेत निघालेले असते. आवराआवरीत जुनी भांडी मोडीत जातात आणि कागद रद्दीत. त्या रद्दीत पुष्कळदा तेलाचे डाग पडलेली, पाने सुटलेली एक वही असते. ती हिशेबाची नसते, शाळेचीही नसते. त्यामुळे तिची चौकशी कुणी करीत नाही.

वास्तविक, घरातील स्त्रीने स्वतःसाठी लिहिलेला बहुधा तेवढाच एक दस्तऐवज असतो. जुन्या पिढीतील स्त्रियांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, रोजनिशी ठेवण्याइतकी उसंतही त्यांना मिळाली नाही. पाककृती मात्र त्यांनी उतरवून घेतल्या. कुणी आकाशवाणीच्या ‘वनिता मंडळ’ कार्यक्रमातून, कुणी ‘स्त्री’ मासिकातून, तर कुणी शेजारच्या ओट्यावर बसून. कारखान्याकडून मिळालेल्या डायरीच्या कोऱ्या पानांवर ‘वन्संची चकली’, ‘माईंचे लिंबाचे लोणचे’ अशी शीर्षके असतात. समासात ‘बारशाला केले, मीठ जास्त झाले’ अशी नोंद सापडते. कोणत्या घराशी जाणे-येणे होते, कोणत्या वर्षी साखर जपून वापरावी लागली, कोणता पदार्थ सासऱ्यांच्या पथ्यामुळे बदलला, हे सारे त्या नोंदींतून कळते. वंशावळीत सुनांची माहेरे बहुधा लिहिलेली नसतात. पाककृतींच्या वहीत ती असतात.

मात्र वही हाती आली म्हणजे पदार्थ साधला, असे नाही. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी उडदाची डाळ, एवढे लिहिलेले असते. प्रमाण कळते, परंतु ‘पाणी लागेल तसे’ या तीन शब्दांपाशी नवी सून अडते. त्याहून जुन्या वह्यांत शेर, मापटे, चिपटे आणि तोळा असतो. १९५६च्या कायद्यानंतर देशात टप्प्याटप्प्याने दशमान वजने-मापे आली आणि ही मापे बाजारातून गेली. चार शेरांची पायली आणि शेराचे चौथाई चिपटे, हा हिशेब आज सांगणार कोण? शिवाय मापे गावोगाव सारखी नव्हती. म्हणजे वहीतले चिपटे नेमके कुठले, हे ठाऊक असलेले माणूस घरात असेपर्यंतच ती वही पूर्णपणे वाचता येते.

लिहून ठेवण्याची ही परंपरा मराठी माणसाला नवी नाही. तंजावरच्या सरफोजीराजांच्या दरबारातील पाककृती मराठीतून नोंदविल्या गेल्या व सरस्वती महाल ग्रंथालयात टिकल्या. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये छापले गेले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये. १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. त्यांनी वाटी आणि चमचा हेच माप धरले आणि लग्न होऊन परगावी, परदेशी गेलेल्या मुलींना आधार दिला. या छापील पुस्तकांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या पानांत सारा महाराष्ट्र जेवत होता, असे म्हणता येणार नाही.

पिंपळे गुरव हे पवनाकाठचे मूळ शेतकऱ्यांचे गाव. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांमुळे मराठवाडा, खानदेश, सातारा, कोकण अशा सगळीकडची कुटुंबे या परिसरात आली. लग्नघरची येसर आमटी, कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे, शेंगोळे हे त्यांच्यासोबत आले. ते वहीतून आले नाही, हातातून आले. कारण त्या हातांना अक्षरओळख करून देण्याची तसदी समाजाने घेतली नव्हती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५च्या पुस्तकात मराठवाड्यातील दलित समाजाचे अन्न नोंदविले. त्यांच्या शीर्षकातील ‘अपूर्ण’ हा शब्द अनेकांना बोचला असेल. पण ज्याला आपण मराठी खाद्यसंस्कृती म्हणून मिरवितो, तीत किती घरांची चूल धरलेलीच नाही, याचा विचार हा शब्द करायला लावतो. तो प्रामाणिकपणे केलाच पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळात मिलोची लाल भाकरी गिळणाऱ्या बायका आज आज्या, पणज्या झाल्या आहेत. त्या भाकरीची कृती कुणी हौसेने लिहून ठेवणार नव्हते.

तेव्हा ज्या घरात वही आहे तेथे ती रद्दीतून काढावी हे खरेच, परंतु ज्या घरात वही नाही तेथे काम अधिक निकडीचे आहे. मोबाईलवर पानांची छायाचित्रे काढून कुटुंबाच्या गटावर टाकली, की कर्तव्य पार पडल्याचे समाधान हल्ली मिळते. ते फसवे आहे. छायाचित्राला ‘लागेल तसे’ म्हणजे किती, हे विचारता येत नाही. आजीला येते. तिची जुनी वाटी काढून आजच्या मापाशी ताडून पाहता येते, तिने सांगितलेले तिच्याच बोलीत लिहिता येते. खानदेशातील आजीने अहिराणीत सांगितले, तर ते पुस्तकी मराठीत सजविण्याची गरज नाही. हे काम नातीचेच, असेही मानू नये. जुन्या वह्यांत कितीदा अक्षर यजमानांचे किंवा शाळकरी मुलाचे असे, सांगणारी मात्र स्वयंपाकघरातली.

भाजणी भाजून झाली, हे आजी घड्याळावरून ठरवीत नाही. डाळीचा वास बदलला, की ती कढई उतरविते. तो वास कागदावर कसा लिहायचा, हे लिहिणाऱ्याने तिच्या शेजारी बसूनच शोधायचे आहे, आणि भाजणी तर दिवाळीच्या आठवडाभर आधीच गिरणीत जाते.