कबूल है, पण कशाला?

रमजानच्या तोंडावर अम्मीसाठी नवा मोबाइल आणला. नमाजच्या वेळा सांगणारे एक अ‍ॅप तिला हवे होते. उघडताच त्याने विचारले, ‘लोकेशन वापरू का?’ मी ‘हो’ दाबणार, तोच एक जुनी बातमी आठवली.

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी माध्यमाने उघड केले की, ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजचे अ‍ॅप वापरणाऱ्यांची ठिकाणे ‘एक्स-मोड’ कंपनीकडे जात होती. या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. आपण लष्कराला थेट काही विकले नाही, असे सांगत ‘मुस्लिम प्रो’ने हे संबंध तोडले. पण ते बातमी आल्यावर.

एक्स-मोड अ‍ॅपवाल्यांना पैसे देऊन आपला छोटा कोड त्यांच्या अ‍ॅपमध्ये बसवत असे. फोनच्या जाहिरात-क्रमांकाला ठिकाणे जोडली की माणसाची दिनचर्या तयार होते. नाव नसले तरी रात्री फोन कुठे असतो, यावरून घर कळते.

‘लोकांनी परवानगी दिली होती ना?’ असा प्रश्न काहीजण करतील. दिली होती, किब्ला कळावा म्हणून.

आपल्याकडे निकाहात ‘कबूल है’ म्हणण्याआधी समोर कोण आहे, मेहर किती, हे साक्षीदारांसमोर सांगतात. न सांगता घेतलेल्या होकाराला आपण रजामंदी म्हणू का? उर्दूत रजामंदी म्हणा, मराठीत संमती. दोन्हींत माहिती असणे गृहीत आहे. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण हवी, असेच म्हटले आहे. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायलाही त्यात मनाई आहे. शिक्षक म्हणून मला हे कलम सर्वांत मोलाचे वाटते.

‘आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ असे आपली भोळी माणसे म्हणतात. लपवण्यासारखे नसले तरी घराला दार असतेच. आत येणाऱ्याने इजाजत घ्यावी, हा आपला जुना अदब आहे.

मी अम्मीच्या फोनमध्ये लोकेशन नाकारले आणि शहराचे नाव हाताने भरले. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात-क्रमांकही काढून टाकला. पाच मिनिटे लागली. वेळा बरोबर दिसतात. पण हे अम्मीला एकटीला जमले नसते. म्हणून म्हणतो, खरी जबाबदारी विचारणाऱ्याची आहे: काय घेणार, कुणाला देणार, हे तिला समजेल अशा भाषेत आधी सांगा. मग ‘हो’ मागा.