केळं बंद केल्यानं दमा जात नाही

मुलाला धाप लागते असं कळलं, की आपल्या घरांत औषधाच्या आधी बंदी येते. केळं बंद, दही बंद, पेरू-काकडी बंद. मग खेळ बंद, पावसात जाणं बंद, शाळेची सहल बंद. एवढं करूनही पहाटे खोकल्याची उबळ यायची ती येतेच. शेवटी डॉक्टर पंप लिहून देतात आणि मुलाला जरा बरं वाटलं, की घरचे तोही बंद करून टाकतात. बालदम्यात आपण नको ते बंद करतो आणि बंद करायला हवं ते चालू ठेवतो. हा उलटा कारभार सुलटा करायचा, तर अ‍ॅलर्जीचं रीतसर शिक्षण घेतलेला बालरोगतज्ज्ञ गाठायला हवा. त्याआड येणारे आक्षेप एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप ठरलेला: "पंपाची सवय लागते." पंप दोन प्रकारचे असतात. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो. स्टेरॉइडचा पंप आतली सूज उतरवतो, आणि दम्याचं मूळ त्या सुजेतच असतं. तो रोज घ्यावा लागतो, कारण सूज रोज असते; ती आटोक्यात आली की डॉक्टर मात्रा उतरवत नेतात. व्यसनात मात्रा चढत जाते. गंमत अशी, की पंपाला घाबरणारं घर तेच औषध बाटलीतून बिनधास्त पाजतं. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याचंच सिरप २ मिलिग्रॅमच्या मापानं दिलं, तर पोटात २,००० मायक्रोग्रॅम जातं, म्हणजे वीस दाबांइतकं. ते रक्तातून फिरत फुप्फुसापर्यंत पोहोचतं आणि वाटेत मुलाचे हात थरथरवतं, छाती धडधडवतं.

धास्ती घ्यायचीच तर दुसऱ्या सवयीची घ्यावी: धाप लागली की साल्ब्युटामॉल, ओसरली की काहीच नाही. ब्रिटनमध्ये दम्यानं झालेल्या १९५ मृत्यूंची छाननी करणारा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावरची अतोनात भिस्त आणि सूज उतरवणाऱ्या औषधाची हेळसांड, हे दोष त्यात ठळकपणे नोंदले गेले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, म्हणून त्याला आकड्यानंच उत्तर देऊ. "स्टेरॉइडनं मुलाची वाढ खुंटते." अमेरिका आणि कॅनडातल्या हजाराहून अधिक मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात काही मुलांना चार ते सहा वर्षं रोज ब्युडेसोनाइडचा पंप दिला गेला. ती मोठी झाल्यावर त्यांची उंची पुन्हा मोजली, तो निष्कर्ष २०१२ मध्ये आला: सरासरी १.२ सेंटिमीटरचा फरक. हा फरक खरा आहे, लपवण्यासारखा नाही. पण दुसऱ्या पारड्यात रात्री-अपरात्रीचं इस्पितळ आहे, बुडणारी शाळा आहे आणि प्रत्येक मोठ्या झटक्याला पोटातून द्यावं लागणारं स्टेरॉइड आहे. पंपाचा हिशेब मायक्रोग्रॅममध्ये होतो, पोटातल्या गोळीचा मिलिग्रॅममध्ये. पंप टाळून स्टेरॉइड टळत नाही, ते मोठ्या मापानं मागच्या दारानं येतं.

"मोठा झाला की जातो," हा तिसरा दिलासा. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच फसवा आहे. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात जन्मापासून मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात दिसलं, की पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलं सहाव्या वर्षापर्यंत मोकळी झाली. उरलेल्यांचं काय? ज्या मुलाला इसब आहे, ज्याच्या आईला किंवा वडिलांना दमा आहे, ज्याला धुळीची वा परागांची अ‍ॅलर्जी निघते, त्याचा दमा टिकून राहण्याची शक्यता जास्त. आपलं मूल कोणत्या गटातलं, हे पत्रिकेवरून कळत नाही, तपासून कळतं.

याच अर्ध्या सत्यावर उपायांची जत्रा चालते. मृग लागला की हैदराबादला मरळ माशाचं जिवंत पिल्लू गिळायला रांगा लागतात. महाराष्ट्रातूनही माणसं जातात. कोजागरीच्या चांदण्यात औषधी खीर वाटली जाते. जाऊन आलेल्या काहींना बरं वाटतं, हेही खोटं नाही. दमा मुळातच चढ-उताराचा आजार. तो भरात असताना जो कोणता उपाय कराल, त्यानंतर उतार येण्याची शक्यता असतेच. उताराचं श्रेय माशाला जातं, पुढच्या चढाचा दोष मात्र केळ्याला.

आता शहरी, सुशिक्षित आक्षेप: "तज्ज्ञ कशाला? लॅबवाला घरी येऊन रक्त नेतो, शंभर पदार्थांची यादी देतो." ही यादी हातात पडली की गहू, दूध, अंडं, शेंगदाणा एका फटक्यात ताटातून जातात. पण रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई ही प्रतिपिंडं सापडणं आणि तो पदार्थ खाऊन त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी. जे मूल रोज मजेत पोळी खातं, त्याला अहवालातल्या एका आकड्यापायी गहू तोडणं म्हणजे त्याला उपाशी ठेवून कागदावर उपचार करणं. आयजीजीच्या चाचण्या तर अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या निदानाला निरुपयोगीच. केळ्याचंही तसंच: एखाद्या मुलाला ते खाऊन खरोखर त्रास होत असेल, तर त्याची तपासणी करावी, सरसकट सगळ्यांची केळी तोडू नयेत.

चांगला अ‍ॅलर्जीतज्ज्ञ काय करतो? आधी विचारतो. खोकला रात्री येतो की खेळताना? गादी झटकताना शिंका येतात का? गावी गेल्यावर कमी होतो का? मग त्या उत्तरांना धरून मोजक्याच गोष्टींची त्वचेवर चाचणी घेतो. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा, प्रत्येक खुणेजवळ अर्काचा एक थेंब आणि त्यातून टोचणीचा हलका स्पर्श; रक्त येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत डास चावल्यासारखी गांधी उठते, ती पट्टीनं मोजतात. आधी काही दिवस अ‍ॅलर्जीची गोळी आणि तिचंच औषध मिसळलेलं सर्दीचं सिरप थांबवावं लागतं, नाहीतर गांधी उठतच नाही. पाच-सहा वर्षांपुढचं मूल असेल तर फुंकर मारायला लावून श्वासाची ताकद मोजतात.

त्यानंतर तो पंप कसा घेता ते करून दाखवायला सांगतो, आणि अनेकांचं पितळ तिथेच उघडं पडतं. पंप हलवलेला नसतो, पंपाला जोडायचा पोकळ नळा, म्हणजे स्पेसर, डब्यातून काढलेलाच नसतो, दोन दाब एकदम मारलेले असतात. लहानग्याला मास्क लावलेल्या स्पेसरमधून एक दाब, पाच-सहा संथ श्वास, मग दुसरा दाब; स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ. एवढं जमलं तर "औषध लागू पडत नाही" ही तक्रार कितीतरी घरांतून नाहीशी होईल.

आणि हो, तोही काही गोष्टी बंद करायला सांगतो. न्हाऊ घातलेल्या बाळाला शेगडीवर ओवा-धूप टाकून दिलेली धुरी, रात्रभर जळणारी मच्छर कॉइल, बंद खोलीतली उदबत्ती, बाल्कनीतली सिगारेट. दमट मुंबई-कोकणात गादी-उशीत धुळीतले सूक्ष्म किडे पोसले जातात, भिंतीला ओल येऊन बुरशी धरते, स्वयंपाकघरात झुरळं असतात. युद्ध पुकारायचं तर त्यांच्याशी. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, ओल बुजवा, झुरळं घालवा.

अ‍ॅलर्जीची लस घ्यावी का, हेही त्यानंच ठरवावं. अर्काच्या चढत्या मात्रा देऊन शरीराला सरावायची ही पद्धत १९११ पासून नोंदलेली आहे. पण ती तीन ते पाच वर्षं चालते, खर्चिक असते, निवडक मुलांनाच लागू पडते आणि दमा आटोक्यात नसताना सुरू करत नाहीत. पहिल्याच भेटीत जो लशीचा संच विकू पाहील, त्याला दुरूनच नमस्कार करावा.

असे तज्ज्ञ कमी आहेत, बहुतेक मोठ्या शहरांतच आहेत आणि प्रत्येक शिंकणाऱ्या मुलाला त्यांची गरज नाही, हा आक्षेप मात्र मान्य. पुष्कळ मुलांचा दमा गावातला बालरोगतज्ज्ञ उत्तम सांभाळू शकतो. पण रोज पंप घेऊनही रात्री झोपमोड होते, वर्षात पुन्हा पुन्हा झटके येतात, दाखल करावं लागलं आहे, किंवा काही खाल्ल्यावर अंगावर गांधी उठून धाप लागते, अशा मुलाची चिठ्ठी पुढे जायलाच हवी. बोलताना दम तुटत असेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर चिठ्ठीचीही वाट पाहू नये. थेट इस्पितळ गाठावं.

उपचार यशस्वी झाला की नाही, हे ताटातून किती पदार्थ गेले यावरून ठरत नाही. मूल रात्रभर झोपतं का, कबड्डी खेळतं का आणि सहलीच्या यादीत त्याचं नाव आहे का, एवढंच विचारा. उत्तर नाही असेल, तर केळ्यावर आणखी एक बंदी घालण्यापेक्षा डॉक्टरांची वेळ घ्या.