हिशेबाबाहेरचा एक वाफा



आपली ऊसशेती म्हणजे सगळा हिशेबाचा कारभार. सरी किती फुटांची, बेणं कोणत्या जातीचं, नोंद कोणत्या तारखेची, तोड कधी येणार, एकरी टन किती पडले आणि पहिला हप्ता कधी जमा होणार, या विचारातच वर्ष सरतं. हिशेब हवाच, तो चुकला तर घर चालत नाही. पण या धांदलीत ऊस बांधापर्यंत गेला, बांधावरून घराच्या भिंतीला येऊन टेकला आणि मागच्या दारची वाडी गेली. आज पाच एकर उसाचा धनी आठवडी बाजारात सांभाराच्या जुडीसाठी घासाघीस करताना दिसतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

याच्या नेमकं उलट चित्र नागपुरात धंतोलीला पाहायला मिळतं. पेशंट घेऊन नागपूरला गेलेल्या आपल्या मंडळींना ही वस्ती चांगली ठाऊक आहे. एकेकाळी बंगल्यांची आणि अंगणांची असलेली ही जागा आता दवाखान्यांनी आणि फ्लॅटांनी भरली आहे. माझी भाची तिथं दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते. गॅलरी एवढीशी, की एक खाट टाकली तर माणसाला उभं राहायला जागा उरू नये. तेवढ्यात तेलाचे रिकामे डबे, एक फुटकी बादली आणि दोन गोण्या. ओळ नाही, अंतर नाही. कारल्याचा वेल खिडकीच्या गजांवरून शेजारणीकडं गेला आणि कारली तिकडंच धरली. भाजीच्या साली टाकलेल्या डब्यात टमाट्याचं रोप आपोआप आलं, ते तिनं राहू दिलं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की निम्मी झाडं करपतात. उरलेल्यांवर ती जुनं लुगडं ताणून बांधते. पहिल्या पावसानंतर एका डब्यात तरोटाही उगवला. "मामा, हा काही मी लावला नव्हता, पण दोन वेळची भाजी झाली," असं ती मोठ्या कौतुकानं सांगते. आपण जे तण म्हणून फवारून मोकळे होतो, त्याचं तिला अप्रूप!

कोणी म्हणेल, हे शहरवाल्यांचे चोचले. पण तसं नाही. थोड्या जागेत पिकवण्याचा विचार आपल्या महाराष्ट्रातच जोमानं मांडला गेला. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर हे मूळचे गणिताचे माणूस. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाची गरज भागू शकते असं सांगितलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर भाजीपाला पिकवला, आणि त्यासाठी वापरली काय, तर उसाची चिपाडं! मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवरही २००२ पासून तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी राहिली. म्हणजे शहरवाले आपल्या उसाच्या चोथ्यावर भाजी खातात, आणि आपण मात्र शेतात पाचट पेटवून देतो.

कारखान्यातलं बगॅस बॉयलरला लागतं, ते आपल्याला मिळणार नाही. पण एकरी तीन-चार टन पाचट आपल्याच शेतात पडतं. त्यातलं चार टोपली घरामागं टाकलं तर कुठं बिघडलं? रसवंतीवरची चिपाडं मिळाली तर तीही चालतात. ती हलकी असतात आणि ओल धरून ठेवतात. मात्र ताजी वापरू नयेत. त्यांना मुंग्या लागतात, कुजताना ती तापतात आणि मातीतलं नत्र ओढून घेतात, म्हणून रोपं पिवळी पडतात. शेणकाल्यात भिजवून महिना-दोन महिने कुजू द्यावीत आणि मग मातीत मिसळावीत. आणखी एक. उसात टू-फोर-डी मारलेला पंप या वाफ्याकडं आणू नका, आणि वारा असताना जवळपास फवारू नका. टमाटा, वाल, भेंडी यांना त्याचा वाससुद्धा सोसत नाही.

आता प्रश्न येईल, एवढ्याशा वाफ्यानं होणार काय? खरं सांगायचं तर पैशात फारसं काही नाही. घरची सगळी भाजी त्यात निघणार नाही, आणि निघावी अशी अपेक्षाही धरू नये. मिळेल ते वेगळंच आहे. आज लागण मजूर करतात, तोड टोळी करते, नांगरट ट्रॅक्टर करतो. शेतकऱ्याच्याच घरातल्या पोरांचा हात मातीला लागेनासा झाला आहे. बी टाकलं की चौथ्या दिवशी माती कशी उचलली जाते, हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. बारा-चौदा महिन्यांच्या उसात ते दिसतही नाही. मेथीच्या वाफ्यात दिसतं. शिवाय तिथं चुकलं तरी कोणाचं कर्ज थकत नाही. शिकायला यापेक्षा स्वस्त शाळा कोणती?

आणि आनंदाचं म्हणाल, तर उकिरड्यावरचा कोहळ्याचा वेल आठवा. त्याला कोणी अंतर मोजून लावत नाही, खताचा डोस देत नाही. तो आपल्या मर्जीनं येतो, मर्जीनं पसरतो, आणि एक दिवस पानांखाली हात घातला की भलं मोठं कोहळं सापडतं. लावलेलं पीक हातात आलं तर समाधान वाटतं. न लावलेलं सापडलं तर हसू येतं. दिवसभर हिशेब करणाऱ्या माणसाला अशा हसण्याची गरज जरा जास्तच आहे.

तेव्हा या पावसाळ्यात घरामागची दोन खाटांएवढी जागा उसाला देऊ नका. ती घरातल्या म्हातारीच्या आणि पोरांच्या हवाली करा. थोडी मेथी, थोडा सांभार, चार वालाच्या बिया, बाकी जे येईल ते येऊ द्या. वाफा वाकडा झाला तर तो सरळ करायला जाऊ नका, आणि उतारा किती पडला हे तर मुळीच विचारू नका.