किंमत पिलाची, खर्च बारा वर्षांचा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि मावळ तालुक्याचे रूप झपाट्याने पालटू लागले. लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरउतारांवर सुट्टीचे बंगले उभे राहिले, तर तळेगाव, वडगाव, कामशेत या गावांत शहरातील चाळी आणि सदनिका सोडून आलेली नोकरदार कुटुंबे स्थायिक झाली. या कुटुंबांपैकी पुष्कळांना आयुष्यात प्रथमच दारापुढे अंगण लाभले. अंगण आले की कुत्र्याचा विचार येतो, आणि तो बहुधा मोठ्या कुत्र्याचा असतो. घराला राखण हवी, मुलांना सोबती हवा, आणि फाटकाशी उभा राहिला तर येणाऱ्याने जरा थबकावे असा त्याचा देह असावा, अशी ही अपेक्षा असते. तीत गैर काहीच नाही. मात्र अशा वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोणत्या जातीचा घ्यावा?’ असा. वस्तुतः ‘या जनावराला हे घर पुढली बारा वर्षे काय देऊ शकेल?’ हा प्रश्न आधी विचारावयास हवा. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले, तर बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी वंशावळीचा कागद बाजूला ठेवून मिश्रवंशाचा, या मातीत निभावणारा कुत्रा निवडावा, याच निष्कर्षाप्रत यावे लागते.

जातिवंत कुत्र्याच्या मोहाचे मूळ प्राणिशास्त्रात कमी आणि समाजशास्त्रात अधिक आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाचे विवेचन करताना शौकाच्या कुत्र्यांचाही समाचार घेतला होता. ज्याचा उपयोग थोडा, ज्याच्या पैदाशीस खर्च फार आणि ज्याचे रूप निसर्गापासून दूर गेलेले, अशा प्राण्याला प्रतिष्ठा का लाभते, याचे उत्तर त्यांनी त्याच्या महागाईतच शोधले. सव्वाशे वर्षांनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्ड आणि सैबेरियातील हस्की मिरविले जातात, तेव्हा व्हेब्लेन यांचे विवेचन जुने झाले आहे असे म्हणवत नाही.

‘लोणावळ्याची हवा थंड, म्हणून थंड मुलखातील कुत्रा येथे रमेल’, हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. परंतु सैबेरियाची थंडी कोरडी आणि लोणावळ्याची ओली. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंतींना ओल चढते, कपडे वाळत नाहीत, तेथे दुहेरी केसांचा दाट थर अंगावर वागविणाऱ्या जनावराची कातडी कशी वाळावी? केसांच्या मुळाशी ओल राहिली की बुरशी, खाज आणि जखमा ओघानेच आल्या. उलट एप्रिल-मे महिन्यांत तळेगाव-वडगावकडील पारा चाळिशीकडे झुकतो, तेव्हा हाच थर त्याला जाचतो. आखूड केसांच्या कुत्र्याचे अंग जुन्या पंच्याने पुसले की भागते. निवडीतील हा एक मुद्दा आयुष्यभराचे औषधपाणी वाचवू शकतो.

संकराचे वावडे कशाला?

‘मिश्र’ म्हणजे कमअस्सल, ही समजूत मावळात तरी टिकू नये. ज्या इंद्रायणी तांदळाच्या वासावर मावळची ओळख दूरवर पोहोचली, तो वाण १९८७ साली प्रसारित झाला, आणि तो संकरित आहे. येथील आंबेमोहोराचा सुवास आणि फिलिपाइन्समधील संशोधन संस्थेच्या ‘आयआर-८’ची उत्पादकता यांची सांगड घालून मावळच्याच भात संशोधन केंद्राने तो घडविला. इंद्रायणीचा भात ताटात आनंदाने वाढून घेणाऱ्याने कुत्र्याच्या बाबतीत मात्र शुद्ध रक्ताचा आग्रह धरावा, हे विसंगत आहे.

तथापि संकर म्हणजे आरोग्याची हमी, असा उलटा भ्रमही नको. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी सत्तावीस हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या २४ आनुवंशिक विकारांपैकी १० विकार जातिवंत कुत्र्यांत अधिक आढळले, एक मिश्र कुत्र्यांत अधिक आढळला आणि उरलेल्या १३ विकारांत फरक दिसला नाही. मोठ्या कुत्र्यांना पंगू करणारा खुब्याच्या सांध्याचा विकार या तेरांतच मोडतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी अवजड आईबाप असलेल्या पिलाला केवळ ते मिश्र आहे म्हणून अभय मिळत नाही. दोन विलायती जातींचा संकर घडवून त्याला नवे नाव देणारे आणि भाव चढविणारे व्यापारी आता निघाले आहेत. तो कुत्रा मिश्र खरा, पण त्याचा बाजार जुन्याच प्रतिष्ठेचा आहे. येथे शिफारस आहे ती गावठी रक्ताचा भरपूर अंश असलेल्या, पंचवीस ते तीस किलोच्या, सडसडीत बांध्याच्या कुत्र्याची. भल्या मोठ्या विलायती जातींचे आयुष्य आठ-दहा वर्षांचे असते. या बांध्याचा कुत्रा नीट सांभाळला तर साधारणतः दहा ते तेरा वर्षे साथ देतो.

माहितीची विषमता

पिलांच्या बाजारात विकणाऱ्याला सारे ठाऊक असते आणि घेणाऱ्याला काहीच ठाऊक नसते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारासंबंधी जो सिद्धांत मांडला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. जेथे दोष झाकता येतो, तेथे किंमत ही गुणवत्तेची खूण राहत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे माहिती मिळविणे. पिलू पाहण्याआधी त्याची आई पाहावी. परका माणूस जवळ आला असता ती भेदरते, अंगावर येते, की हुंगून शांत होते, हे पाहिल्यास पिलाविषयी पुष्कळ कळते. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, असे दोनदा जावे. कोपऱ्यात दडणारे आणि भावंडांना सतत चावणारे, अशी दोन्ही पिले नवख्या कुटुंबाने टाळावीत. आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे, आणि तिला कारणही आहे. चावा किती जोराचा घ्यावा, हे पिलू आई-भावंडांतच शिकते.

जातीवरून स्वभाव ओळखता येतो, हाही समज तपासून पाहावयास हवा. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर आधारलेले एक मोठे संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. कुत्र्या-कुत्र्यांतील वर्तनाच्या फरकापैकी सुमारे नऊ टक्के भागच जातीने उलगडतो, असे त्यात आढळले. उरलेले बरेचसे संगोपनावर आणि त्या त्या जीवाच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलाला माणसे, लहान मुले, छत्री, रेनकोट, मोटारीचा आवाज आणि शेजारची गुरे यांची गोडीने ओळख झाली, तर पुढे ते विनाकारण बिथरत नाही. ज्यांना या काळात वेळ देणे शक्य नाही, त्यांनी दीड-दोन वर्षांचा वाढलेला कुत्रा घ्यावा. त्याचा आकार, आवाज आणि स्वभाव घरी आणण्यापूर्वीच दिसतो. पाहणाऱ्याची फसगत होण्याचा संभव तेथे सर्वांत कमी.

खर्चाचे खरे आकडे

पिलू फुकट मिळाले म्हणून कुत्रा स्वस्त पडला, असे मानणे हा हिशेबाचा मूलभूत दोष होय. तीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण चारशे ग्रॅम कोरडे खाद्य लागते. वर्षाचे झाले दीडशे किलोच्या आसपास, आणि बारा वर्षांचे पावणेदोन टन. प्रत्येकाने आपल्या दुकानातील भावाने याला गुणून पाहावे. त्यात वार्षिक लसी, जंतांची आणि गोचिडांची औषधे, एखादी शस्त्रक्रिया, गावी जाताना त्याची करावयाची सोय आणि रोज दोन वेळा फिरविण्याचा तास-दीड तास मिळवावा. वेळेलाही किंमत असते. ती कोण देणार, हे कुत्रा येण्यापूर्वी ठरले नाही, तर ती बहुधा घरातील गृहिणीच्या नावावर चढते.

घरचे अन्न देता येते. पण ‘दूध-भाकरीवर कुत्रा वाढतो’ हे अर्धसत्य आहे. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि नुसत्या भाकरीतून प्रथिने पुरत नाहीत. भात किंवा भाकरीबरोबर अंडी, उकडलेले मांस आणि शिजविलेल्या भाज्या हव्यात. केवळ घरच्या अन्नावर ठेवावयाचे असेल, तर पशुवैद्यांकडून प्रमाण ठरवून घ्यावे. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट वर्ज्य. शिजविलेले हाड आतड्यात रुतते म्हणून तेही वर्ज्य. पोळी नेणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावल्याची आख्यायिका महाराष्ट्राला प्रिय आहे. तीतील करुणा घ्यावी, तूप मात्र आवरते ठेवावे. वाढत्या वयातील मोठ्या पिलाला फार खाऊ घातले, किंवा मनाने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, तर हाडे बळकट होण्याऐवजी सांधे बिघडतात.

मावळातील आजारही मावळच्या निसर्गाशी जोडलेले आहेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो, आणि तो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. म्हणून त्याची लस, आणि तळ्या-डबक्यांपासून दूर राखणे, दोन्ही आवश्यक आहेत. पाऊस ओसरताच गवतात गोचिडे वाढतात. ताप, मलूलपणा, फिकट हिरड्या अशी लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि त्यानंतर पशुवैद्यांच्या सल्ल्याप्रमाणे नियमित द्यावी, ती कोणत्याही कारणास्तव चुकवू नये. कोणास कुत्रा चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नसबंदीची वेळ मोठ्या कुत्र्याची वाढ लक्षात घेऊन ठरवावी, पण ती टाळू नये.

राखणीचा कुत्रा रात्री अंगणात साखळीने बांधावा, ही जुनी रीतही आता सोडावयास हवी. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. मावळच्या डोंगरांतही बिबट्या आहे. साखळीने बांधलेला कुत्रा त्याच्यापुढे पळूही शकत नाही. राखण कुत्र्याच्या कानांनी होते. ती घराच्या ओसरीतूनही होते.

एकाची हौस, दुसऱ्यावर भार

इथवर विचार झाला तो कुटुंबापुरता. प्रश्नाची दुसरी बाजू सार्वजनिक आहे. शनिवार-रविवारी गजबजणारा बंगला सोमवारी कुलूपबंद होतो, पण कुत्र्याची भूक सोमवारीही लागते. मग तो माळ्याच्या किंवा रखवालदाराच्या पदरात पडतो, आणि ज्याच्या स्वतःच्या पगाराची ओढाताण, त्याने मालकाची हौस पोसावी अशी अपेक्षा होते. बंगला विकला गेला, मुले परदेशी गेली किंवा कुत्रा म्हातारा झाला, की एखाद्या रात्री मोटारीचे दार उघडते आणि तो घाटात किंवा गावाच्या वेशीवर उतरविला जातो. पुढे तो ज्या शेळ्या फाडतो त्या धनगराच्या असतात, आणि तो ज्यांना चावतो ती मुले शाळेच्या वाटेवर पायी चालणारी असतात. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते. साध्या भाषेत, सुख एकाने घ्यावयाचे आणि बिल दुसऱ्याने भरावयाचे.

२०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या दीड कोटीच्या वर भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा देशभर खडाजंगी झाली. त्या वादात सोडून देणाऱ्या मालकाचे नाव क्वचितच निघाले. पाळलेला प्राणी उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला, आणि पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. ज्या शिक्षेची रक्कम कुत्र्याच्या एका वेळच्या खाण्याइतकी, तिचा धाक कोणाला वाटावा? मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींवर आणि त्यांच्या संकरांवर बंदी आणू पाहणारे परिपत्रक काढले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. जातीवर बोट ठेवणे सोपे असते. जबाबदारी निश्चित करणे कठीण, पण उपयोग त्याचाच होतो.

त्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. लोणावळा आणि तळेगावच्या नगरपरिषदांनी व मोठ्या ग्रामपंचायतींनी पाळीव कुत्र्यांची नोंद काटेकोर ठेवावी, प्रत्येकाच्या मानेत ओळख पटविणारी चिप बसवावी, आणि नसबंदी केलेल्या कुत्र्यास शुल्कात सवलत द्यावी. तालुक्यातील गुरांच्या दवाखान्यांत आठवड्यातील एक ठरावीक दिवस कुत्र्यांच्या लसीकरणासाठी असावा, म्हणजे रखवालदाराला आणि शेतकऱ्यालाही तो परवडेल. बंगल्यावर कुत्रा ठेवणाऱ्याने त्याच्या देखभालीचा खर्च नोकराच्या पगाराहून वेगळा दिलाच पाहिजे, असा दंडक गृहरचना संस्थांनी घालून घ्यावा.

आणि ज्या शिक्षकाच्या, कारकुनाच्या घरी मुले पिलासाठी हट्ट धरून बसली आहेत, त्यांनी तो हट्ट मोडून काढण्याचे कारण नाही. कागद-पेन्सिल घेऊन मुलांनाच हा हिशेब मांडावयास बसवावे. सकाळी पावसात कोण फिरवील, सुट्टीत कोण थांबेल, दहाव्या वर्षी त्याला उठवत नाहीसे झाले म्हणजे कोण उचलील, हे रकाने ज्या घरी नावांनिशी भरले जातील, त्या घराने मावळातल्याच एखाद्या ओसरीवर वाढलेला, कागद नसलेला पण आई ठाऊक असलेला कुत्रा निःशंकपणे आणावा. ज्या घरी रकाने कोरे राहतील, त्याने तूर्त थांबावे. तसे थांबण्यातही त्या मुक्या जीवाचे आणि शेजारच्या गावाचे हितच आहे.